कळते, पण वळवायचे कसे?



आपल्या मंदिराच्या सभागृहात महाप्रसादाच्या रांगेत उभा असलो की मागून हमखास हाक येते, "डॉक्टर, एकच मिनिट हं!" मग खिशातून फोन निघतो आणि त्यावर रक्ततपासणीचा अहवाल उघडतो. एका हातात जिलबीची वाटी आणि दुसऱ्या हातात कोलेस्टेरॉलचा आकडा! मी दोन शब्द सांगतो. समोरची व्यक्ती मान डोलावते आणि हसून म्हणते, "कळतं हो सगळं, पण वळत नाही."

मिरजेला एम.बी.बी.एस. करून मी १९९६ साली अमेरिकेत आलो आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे इंटर्नल मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आहे. या काळात औषधे बदलली, यंत्रे बदलली, पण हे वाक्य काही बदलले नाही. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी आरोग्यावर लेख मागितला तेव्हा ठरवले की नुसते "हे खा, ते खाऊ नका" लिहायचे नाही. आपल्या लोकांना नेमका धोका कशाचा आहे, आणि जे कळते ते वळवायचे कसे, या दोन गोष्टींवर लिहायचे.

सडपातळ दिसतो, म्हणजे निरोगी?

"मला कुठे वजन आहे?" हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या कोड्यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे स्वतःचे आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये जी कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे हातपाय बारीक आणि पोटाशी साठा, ही आपली ठेवण जुनी आहे.

पोटाच्या आतली, यकृताभोवतीची ही चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते आणि काही वर्षांनी ते दमते. मग रक्तातील साखर वाढते, ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल उतरते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होऊ लागतात. हे सर्व दहा-पंधरा वर्षे निमूटपणे चालते. काही दुखत नाही, काही खुपत नाही. म्हणूनच ते धोक्याचे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात सुरू झाला. (नाव खरेच 'मसाला' आहे!) इतर वंशांच्या लोकांपेक्षा आपल्यात मधुमेहाचे प्रमाण जास्त असल्याचे त्यातून दिसून आले. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत तर दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदला गेला. तेव्हा शेजारच्या बॉबला लागू पडणारे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

हे आकडे पाठ असू द्या

मुलांच्या एसएटीचे गुण आपल्याला तोंडपाठ असतात. त्याच उत्साहाने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. कंबर : बरगड्यांचा खालचा काठ आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरून मोजावी. पोट आत ओढायचे नाही! पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या (सुमारे साडेएकतीस इंच) आत असावी.

२. बीएमआय : इतरांसाठी २५ च्या वर वजन जास्त मानतात. आपल्यासाठी २३ पासूनच सावध व्हावे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या प्रौढांची मधुमेहाची तपासणी २३ लाच करावी असे सांगितले आहे.

३. एचबीए-१सी : ही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली उत्तम, ५.७ ते ६.४ मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि त्यावर मधुमेह.

४. रक्तदाब : १२०/८० च्या खाली उत्तम. अमेरिकेतील २०१७ नंतरच्या व्याख्येप्रमाणे १३०/८० पासून उच्च रक्तदाब.

५. एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए : दुसरी तपासणी फारशी कोणी मागत नाही. तिचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते. म्हणून आयुष्यात निदान एकदा करावी, विशेषतः घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर.

याशिवाय ४५ व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आणि स्त्रियांनी ४० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम, या गोष्टी "नंतर बघू" म्हणून टाळू नयेत. आपल्या भगिनी सगळ्या घराच्या अपॉइंटमेंट घेतात, स्वतःची तेवढी राहून जाते. यंदा आधी स्वतःची घ्या.

"पण आमचे आजोबा तूप-भात खाऊन नव्वद वर्षे जगले!"

हा युक्तिवाद मी दर दिवाळीला ऐकतो. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून दोन गोष्टी सांगतो. एक, आजोबा शेतावर, शाळेत, बाजारात पायी जात होते. त्यांच्या घराला गॅरेज नव्हते आणि भाताची साळ कोणीतरी हाताने कांडत होते. दुसरी, नव्वद वर्षे जगलेले आजोबा आपल्याला आठवतात. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेले त्यांचे धाकटे भाऊ फक्त भिंतीवरच्या फोटोत असतात. जे उरले त्यांच्याकडेच बघून हिशेब मांडला तर तो चुकणारच.

आनुवंशिकता आपल्या हातात नाही हे खरे, पण बरेच काही आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये भारतीयांवरील अशीच चाचणी प्रसिद्ध केली. तिथे वजन फारसे न उतरताही आहार आणि हालचाल यांनी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नये. आत काम चालू असते.

ताट आपलेच, वाढप बदला

आपल्याला परके अन्न शिकायची गरज नाही. पारंपरिक मराठी ताट उत्तम आहे. आपण फक्त त्याच्या बाजू उलट्या केल्या आहेत. कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगराएवढा! त्याऐवजी अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, वरण, मासे, अंडी किंवा चिकनचे, आणि उरलेले पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचे ठेवावे. पोळी आणि भात दोन्ही हवेत, तर दोन्हींनी मिळून तेवढ्याच जागेत बसावे.

शाकाहारी घरांत प्रथिने कमी पडतात. ७० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला किमान ५६ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर शिजलेल्या वरणातून साधारण सातच ग्रॅम मिळतात, आणि आपले वरण पातळ असेल तर त्याहूनही कमी. म्हणून मोड आलेली मटकी, चवळी, हरभरे, दही, पनीर, टोफू, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम यांना रोज जागा द्यावी.

शाकाहारी मंडळींनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा यांना "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही ते कमी होते.

मिठाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि डबाबंद सूप यांतच तो कोटा संपतो. उपवासाचे म्हणाल तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर वेफर्स असा उपवास केल्यास पोटाला विश्रांती मिळत नाही आणि साखर मात्र उड्या मारते. राजगिरा, ताक, शेंगदाणे, फळे यांवरही उपवास छान होतो.

आणि उकडीचा मोदक? तो नको म्हणणारा डॉक्टर मी नव्हे. वर्षातून दोन दिवस खाल्लेल्या मोदकाने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दहा वाजता सुरू होणाऱ्या पार्टीतील तळणीने, आणि चहाबरोबर रोज "दोनच" म्हणत संपलेल्या बिस्किटांनी.

तंबाखू कोणत्याही रूपात नको, अगदी दातांना लावायची मशेरीसुद्धा. मद्याची तब्येतीला पूर्ण सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

शतपावली

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून; कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे देणारे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार लक्षणीय कमी आढळला. आज आपण बहुतेक सगळे ड्रायव्हर झालो आहोत, ऑफिसातही आणि घरातही.

दिवसाला दहा हजार पावले हा आकडा जपानमध्ये १९६० च्या दशकात विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला, तो काही प्रयोगशाळेतून आलेला नाही. अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत फायदा वाढताना दिसला आणि त्यापुढे तो फारसा वाढला नाही. चार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा लाभ झाला. तेव्हा दहा हजार होत नाहीत म्हणून सोफ्यावर बसून राहू नये.

आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालायची पद्धत होती. ती अगदी शास्त्रीय आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरची तिची उसळी कमी होते. बाहेर बर्फ असेल तर बेसमेंटमध्ये, नाहीतर मॉलमध्ये चाला. आठवड्याला १५० मिनिटे जलद चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा. आपल्यात स्नायू मुळातच कमी, म्हणून हा भाग महत्त्वाचा. सूर्यनमस्कार, उठाबशा, हलकी वजने, जे जमेल ते.

झोपेची उधारी

आपल्यातील कितीतरी जण रात्री अकरा वाजता पुण्याच्या किंवा बंगलोरच्या टीमशी कॉलवर असतात आणि सकाळी सहाला मुलांचा डबा भरतात. प्रौढ माणसाला सात तासांची झोप लागतेच. ती सतत कमी पडली की रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढतात आणि भूकही चाळवते. शनिवारी दुपारी झोपून ही उधारी पूर्ण फिटत नाही. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंगणे असेल तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे का, हे तपासून घ्यावे. बायको तक्रार करते म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

आनंदाने आयुष्य वाढते का?

हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो. २००१ साली अमेरिकेतील १८० जोगिणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुणपणी त्यांनी लिहिलेल्या आत्मपरिचयात ज्यांनी आनंदाच्या भावना जास्त व्यक्त केल्या होत्या, त्या साठ वर्षांनंतरही जास्त संख्येने हयात होत्या. वाचून वाटते, चला, हसत राहिले की झाले! पण ब्रिटनमधील सुमारे सात लाख स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ च्या अखेरीस आले, वेगळेच दिसले. प्रकृतीचा हिशेब वजा केल्यावर केवळ आनंदी असण्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. आजारपण माणसाला दुःखी करते, पण दुःखी असणे हे एकटेच माणसाला मारत नाही.

मला यात दिलासा वाटतो. ज्याच्या घरी दुःख आहे, ज्याचे मन खचले आहे, त्याला "तू हसत नाहीस म्हणून आजारी पडशील" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात लाज नाही. "लोक काय म्हणतील" या भीतीने आपल्या समाजात नैराश्य लपवले जाते. मधुमेहाची गोळी चालते, मग मनाची का नको?

मग आनंदाचा उपयोग काय? पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, भीतीने लागलेली सवय तीन आठवडे टिकते, आनंदाने लागलेली वर्षानुवर्षे. अहवाल वाईट आला म्हणून ट्रेडमिल घेणाऱ्यांच्या ट्रेडमिलवर पुढे कपडे वाळत असतात. पण मैत्रिणीशी गप्पा मारायला म्हणून रोज चालणाऱ्या बाई दहा वर्षे चालत राहतात. आनंद हे औषध नसेल, पण औषध रोज घ्यायला लावणारा तो मध नक्की आहे.

आणि माणसांची सोबत मात्र खरोखरच आयुष्याशी जोडलेली आहे. हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अभ्यास त्यातील माणसांच्या मुलांपर्यंत पोचला आहे. म्हातारपणी कोण निरोगी राहील याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांतील समाधानावरून अधिक चांगला बांधता आला, असे त्यात आढळले. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही घट्ट सामाजिक संबंध असलेल्यांची जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

इथे आपल्या घरातल्या ज्येष्ठांचा विचार करा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. गाडी चालवता येत नाही, फुटपाथवर माणूस दिसत नाही, नातवंडे इंग्रजीत बोलतात, आणि आपण संध्याकाळी सातला दमून येतो. घर सुरेख, पण दिवसभर बोलायला कोणी नाही. अशा एका आजींना त्यांचा मुलगा "भूक लागत नाही" म्हणून माझ्याकडे घेऊन आला. सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या. त्यांना मी विचारले, "आज कोणाशी बोललात?" त्या म्हणाल्या, "तुमच्याशीच." पुढे दोन घरे पलीकडच्या गुजराती आजींशी त्यांची ओळख झाली. भाषा अर्धी-अर्धी, पण वाती वळणे आणि चालणे दोघींचे एकत्र सुरू झाले आणि भूक परत आली. आपल्या गल्लीत, आपल्या मंदिरात असे कोण आहे ते पाहा. त्यांना गाडीने आणणे-सोडणे हीही आरोग्यसेवाच आहे.

एक गोष्ट मात्र उद्यावर ढकलू नका

चाळिशीतील एक इंजिनिअर गृहस्थ, शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी, दिसायला सडपातळ. लग्नाच्या जेवणानंतर छातीत जड वाटले. "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा घेतला, नंतर गोळी घेतली, रात्रभर येरझाऱ्या घातल्या आणि सकाळी स्वतः गाडी चालवत इस्पितळ गाठले. ते वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. त्या रात्रीचे तास परत मिळत नाहीत.

छातीत दाब किंवा जडपणा, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ, दम लागणे, थंड घाम, यांपैकी काही पाच मिनिटांत थांबले नाही तर सरळ ९११ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवा, मळमळ किंवा दम एवढेच लक्षण असू शकते. "उगीच लोकांना त्रास" हा संकोच नको. ॲसिडिटी निघाली तर हसत घरी या.

मग वळवायचे कसे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५० च्या वर. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा चार युक्त्या सांगतो.

एक, नवी सवय जुन्या सवयीला बांधा. जेवणाची भांडी डिशवॉशरमध्ये लावली की बूट घालायचे, एवढेच ठरवा.

दोन, सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी छोटी करा. दोन सूर्यनमस्कार. बारा नंतर आपोआप होतात.

तीन, जोडीदार शोधा. नवरा-बायको चालायला गेले तर त्या वीस मिनिटांत मुलांच्या कॉलेजच्या अर्जाचा विषय काढायचा नाही, अशी अट घाला!

चार, मोह हाताशी ठेवू नका. फरसाणाचा डबा वरच्या कपाटात आणि फळांचा बाऊल टेबलावर. इच्छाशक्तीपेक्षा शिडीचा कंटाळा जास्त कामाला येतो.

अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातील व्यावसायिकांच्या मोठ्या अभ्यासातून २०१८ साली एक अंदाज निघाला. धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, रोज अर्धा तास हालचाल, चांगला आहार आणि मद्य बेताचे, या पाचही सवयी असलेल्या पन्नाशीच्या स्त्रिया यांपैकी एकही सवय नसलेल्यांपेक्षा सुमारे १४ वर्षे आणि पुरुष सुमारे १२ वर्षे जास्त जगतात. त्यातील बहुतेक लोक गोरे होते, त्यामुळे आपला आकडा थोडा वेगळा असू शकेल. पण निम्मी वर्षे धरली तरी तेवढ्यात नातवाची मुंज पाहून होते!

तर मंडळी, या गणेशोत्सवात एकच संकल्प करा. आरती झाली, प्रसाद घेतला, की सभागृहाला बाहेरून दोन फेऱ्या मारायच्या. एकट्याने नाही, ज्यांच्याशी वर्षभरात बोलणे झाले नाही अशा कोणाला तरी बरोबर घेऊन. घरी गेल्यावर टेपने कंबर मोजा आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्या. रिद्धी-सिद्धी आपल्या मेहनतीने आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आल्या आहेत. त्यांचा उपभोग घ्यायला धडधाकट शरीर आणि सोबतीला चार माणसे असू देत, हीच श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!